गार हवा गेली कुठे?

महापालिकेच्या नव्या डेटा सेंटरमधली संगणकयंत्रं सकाळी तिसऱ्यांदा बंद पडली आणि प्रकल्पप्रमुख बाई तडक वहिनींच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

वहिनी खासगी गुप्तहेर होत्या. त्यांना हक्कानं वहिनी म्हणणारा माणूस एकच, त्यांचा धाकटा दीर. पण त्याचं ऐकून सगळं शहर त्यांना वहिनीच म्हणू लागलं होतं. भाऊजी शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक. अंगात ताकद भरपूर, डोक्याला घाई अजिबात नाही.

"सगळ्या खात्यांची यंत्रं एका छताखाली आणायची, यासाठी मी जिवाचं रान केलं," बाई म्हणाल्या. "आज रुग्णवाहिका खातं हलवणार होतो. चाचणी सुरू केली, खोली तापली आणि यंत्रं आपोआप बंद झाली. जुनी यंत्रं अजून चालू आहेत म्हणून निभावलं. संध्याकाळी महापौर सगळा प्रकल्पच गुंडाळायला निघालेत!"

"चाचणीत यंत्रांवर ताण येत असेल," भाऊजी म्हणाले.

"दुप्पट ताण सोसेल एवढी थंड हवा सोडतो आम्ही. आणि पहिल्या दोन चाचण्या अशाच ताणाच्या होत्या, त्या सुरळीत पार पडल्या. चाचणीची वेळ सगळ्या खात्यांना कळवायला लागल्यापासून हे सुरू झालंय."

"खोलीत कोण गेलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"कोणीच नाही. दाराला कार्ड लागतं."

वहिनींनी चपला पायात सरकवल्या.

डेटा सेंटरमध्ये वातानुकूलन सांभाळणारा तंत्रज्ञ हताश होऊन बसला होता. सगळे त्याला गारवा म्हणत.

"मशीन फुल चालू आहे, वहिनी. थंड हवा या फरशीखालून जाते आणि यंत्रांसमोरच्या जाळ्यांतून वर येते. पण चाचणीच्या वेळी खाली वादळ सोडलं तरी वर फुंकर येत नाही. ती हवा जाते कुठे, देव जाणे!"

वहिनींनी टाच आपटली. खालून पोकळ आवाज आला.

"ही भिंत नवी दिसते."

"हो. हा सगळा हॉल परवाना खात्याचा होता. मध्ये भिंत घालून अर्धा आम्हाला मिळाला."

पहिला संशय पाणी खात्याच्या प्रमुखांवर होता. भर सभेत त्यांनी या प्रकल्पाला शिव्या घातल्या होत्या, शिवाय त्यांच्याकडे खोलीचं कार्डही होतं.

"खोदकामाच्या नोंदींचं एक यंत्र नेलंत, बाकीची मी कुणाच्या बापाला देणार नाही!" ते गरजले. "पण चोरून काड्या करायचा माझा स्वभाव नाही. मला हे बंद पाडायचं असतं ना, तर ढोल वाजवून पाडलं असतं."

"हाच तो," बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले. "किती ओरडतो!"

"भुंकणारा कुत्रा चावत नाही, भाऊजी."

भिंतीपलीकडे परवाना खात्याचे उपप्रमुख बसत. त्यांनी हसून स्वागत केलं आणि चहा मागवला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. भाऊजी घाम पुसत खुर्चीत कोसळले.

"आहाहा! स्वर्ग आहे इथे."

"कसला स्वर्ग! यंत्रांबरोबर आमचा एसीही काढून नेला, पंखा तर कधीचा बिघडलाय," साहेब म्हणाले. "पण आपली तक्रार नाही. प्रगती व्हायलाच हवी."

खुर्चीच्या पाठीवर लोकरीचा स्वेटर होता. कोपऱ्यात एक जड लाकडी पडदा उभा होता. भाऊजींनी कप टेबलावर ठेवला, तसा लाकडावर ओला गोल उमटला. कपाटावर त्यांना एक रबरी मूठ दिसली.

"हे काय?"

"दाबली की चिकटते, टेबलाची काच उचलायला. पुसायला लागते ना!"

थोड्या वेळानं भाऊजी गुडघे चोळू लागले. वहिनींनी चहा संपवला आणि त्या उठल्या. जाताना चालता चालता त्यांनी पुन्हा एकदा टाच आपटली.

संध्याकाळी महापौर आले. वहिनींनी सगळ्यांना सभागृहाऐवजी उपप्रमुखांच्याच खोलीत बसवलं.

"आपण सगळे विचारत होतो, खोलीत कोण गेलं," वहिनींनी सुरुवात केली. "गारवा मात्र खरा प्रश्न विचारत होता. थंड हवा गेली कुठे? भाऊजी, दुपारी तुमचे गुडघे कशानं दुखले?"

"गारठ्यानं! गार पडलं की धरतातच ते."

"एसी नाही, पंखा बंद, बाहेर आग ओकतंय. मग गारठा आला कुठून? आणि साहेबांना अशा दिवसांत स्वेटर कशाला? हा हॉल मूळचा एकच, दोन्हीकडे टाच आपटली की सारखाच पोकळ आवाज येतो. भिंत फरशीवर उभी आहे, फरशीखाली नाही. पलीकडे सोडलेली हवा इथवर मोकळी येते. इथल्या फरश्या काढल्या की सगळी इकडेच वर येणार आणि यंत्रांच्या वाट्याला काही उरणार नाही."

उपप्रमुख हसले. "अहो, या फरश्या हातानं निघतात का?"

"नाही. त्याला रबरी मूठ लागते. तुम्ही म्हणालात, ती टेबलाच्या काचेसाठी आहे. पण तुमच्या टेबलावर काच कुठे आहे?"

सगळ्यांच्या नजरा उघड्या लाकडाकडे वळल्या.

भाऊजींनी कोपऱ्यातला पडदा बाजूला सारला. गारव्यानं रबरी मूठ लावून मागच्या फरश्या एकेक करून उचलल्या. थंडगार झोत असा उसळला की महापौरांचे कागद छतापर्यंत उडाले. पलीकडे चाचणी सुरू करून यंत्रांजवळ थांबलेल्या बाई ओरडल्या, "तापायला लागलं!" फरश्या परत बसवल्या. "उतरतंय! उतरतंय!"

उपप्रमुखांचं हसू मावळलं.

"इथे माझ्या दाराबाहेर रांग असायची," ते खालमानेनं म्हणाले. "साधा परवाना हवा असला तरी माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा राहायचा. आता एक बटण दाबलं की काम होणार. मग मला कोण विचारतंय?"

"रांगेतल्या लोकांना कधी विचारलंत?" वहिनी शांतपणे म्हणाल्या.

महापौरांनी उपप्रमुखांना तिथेच निलंबित केलं आणि बाईंकडे वळून एकच शब्द उच्चारला, "हलवा."

चाचणी पुन्हा सुरू झाली. पूर्ण ताणावरही यंत्रं मजेत गुणगुणत राहिली. रुग्णवाहिका खातं नव्या यंत्रांवर आलं. डेटा सेंटरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर शहराचे रस्ते उजळले, तेवढ्यात पहिला फोन आला. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या एका गर्भवतीला तातडीनं न्यायचं होतं. गाडी निघाली आणि पडद्यावरची तिची वाट बाजाराजवळ अचानक दुसऱ्या गल्लीत वळली.

"सरळ का नाही जात?" महापौरांनी विचारलं.

"पुढे रस्ता खणलाय. पाणी खात्यानं आज सकाळीच ही माहिती यंत्रात भरली," बाई म्हणाल्या. "कालपर्यंत ती आमच्यापर्यंत पोचलीच नसती. गाडी तिथवर जाऊन अडकली असती."

पाणी खात्याचे प्रमुख पुढे सरसावले. पडद्यावरच्या त्या लाल ठिपक्याकडे ते बघतच राहिले.

"अरे, तो खड्डा माझा आहे!" ते ओरडले. छाती पुढे काढून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "बाई, माझी बाकीची यंत्रं कधी नेताय? उद्याच न्या!"

हशा पिकला. थोड्याच वेळात रुग्णवाहिकेच्या चालकाचा आवाज खोलीत घुमला. "पेशंट दवाखान्यात पोचला. आई ठणठणीत आहे. आणि गाडीतच मुलगी झाली!"

भाऊजींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. वाजवणं थांबवावं, असं मग कुणालाच वाटलं नाही.