कुंडीतला वड

वामनवृक्ष मंडळाची सभा म्हणजे चहा, चिवडा आणि एकमेकांच्या कुंड्यांकडे तिरक्या नजरेनं बघणं. १९७७च्या उन्हाळ्यात चिंचवडच्या कंपनी कॉलनीतल्या अशाच एका सभेत प्रभाकरराव उठले आणि म्हणाले, "आमचा वड कुणाला तरी सांभाळायला द्यायचाय." चिवड्याचे घास हातातच राहिले.

कारण तो वड ऐरागैरा नव्हता. कंपनीची भिंत उभी राहिली त्या जागी पूर्वी गावाचा जुना वड होता. त्याच्यावर कुऱ्हाड पडायच्या आधी प्रभाकररावांनी त्याची बोटभर फांदी आणली आणि उथळ कुंडीत वाढवली. उंची जेमतेम दीड वीत, पण पारंब्यांसकट पुरा वड. मूळ झाडाचं आता एवढंच उरलं होतं. शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या अरुंधतीचा त्याच्यावर जीव होता. हे झाड गेलं तर गावाची शेवटची खूण गेली, असं ती सगळ्यांना पोटतिडकीनं सांगायची.

पहिला हात नंदकिशोरनं वर केला. मंडळात त्याच्याइतका तयार हात कुणाचा नव्हता. प्रभाकरराव त्याला म्हणाले, "तू आधी लग्न कर." सगळे हसले. मग ते अरुंधतीकडे वळले. "वटपौर्णिमा करता ना तुम्ही?"

"करते की."

"मग झाड तुमचं."

ही कुठली परीक्षा? अरुंधतीला तेव्हाच खटकलं. पण हाव वाईट. दुसऱ्या दिवशी ती कुंडी न्यायला गेली, तर प्रभाकररावांच्या बायकोनं, सुमनताईंनी, चक्क तिची ओटी भरली. प्रभाकरराव शेजारी उभे होते, सुमनताईंच्या खांद्यालाही न पोचणारे. कॉलनीत या जोडीची पुष्कळ टवाळी व्हायची.

"वर्षाला मुळं छाटायची. चुकवायचं नाही," सुमनताई म्हणाल्या. कुंडी हातातून सोडायला त्यांनी फार वेळ लावला. थोड्याच दिवसांत दोघं बिऱ्हाड आवरून राजगुरुनगरला राहायला गेली.

वटपौर्णिमेला कॉलनीतल्या बायका बाजारातून वडाची फांदी आणून पाटावर पुजायच्या. अरुंधतीला त्याची मनस्वी चीड. एका दिवसाच्या पुण्यासाठी झाडं ओरबाडायची! यंदा घरात जिवंत वड होता. तिनं कुंडी पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि बुंध्याभोवती सूत गुंडाळलं. गुंडाळताना तिला दिसलं, की सालीत आधीचं सूत रुतलेलं आहे. साल त्याच्यावर चढली होती.

"एवढ्याशा वडाला सात जन्म पेलतील का गं?" दारातून मुकुंद, तिचा नवरा, म्हणाला. कारखान्यात सुपरवायझर असलेला हा धिप्पाड गडी स्वतःच्याच विनोदावर गडगडाटी हसायचा.

दिवाळीच्या सुमारास मुकुंदच्या पँटी टाचेखाली यायला लागल्या. अरुंधती त्या घेऊन पिंपरीच्या बाजारात अकबर टेलरकडे गेली. "अकबरभाई, माप चुकलं तुमचं."

अकबरनं टेप लावून बघितलं, पुन्हा लावून बघितलं. "माप तेच आहे वहिनी. साहेबच..." तो थांबला. मग टेप गळ्यात टाकत हळूच म्हणाला, "प्रभाकररावांच्या पँटी पण मी दर साली आखूड करायचो. वय झालं, म्हणायचे. तेव्हा पन्नाशी पण नव्हती त्यांची."

घरी आल्यावर तिनं मुकुंदला आरशासमोर उभं केलं. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांच्या रेषेत होते.

"तुझ्या चपलेची टाच उंच असेल," तो म्हणाला.

ती अनवाणी होती.

तिनं सूत काढायचा प्रयत्न केला. तेही सालीत गेलं होतं. मग तिनं सरळ हिशोब केला: छाटल्यानं झाड खुजं राहतं, तर छाटायचंच नाही. पुढच्या उन्हाळ्यात वडाची पानं पिवळी पडली, मुळांनी माती कुंडीच्या काठावर उचलली. मुकुंदनं अंथरूण धरलं. सांधे आवळल्यासारखे वाटतात, म्हणायचा. कंपनीच्या डॉक्टरला काहीच सापडेना.

अरुंधतीनं राजगुरुनगरची एसटी पकडली. सुमनताई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं!" ती उभ्यानंच म्हणाली.

"मुळं छाटलीत?"

"नाही."

सुमनताईंचा हात सुपात थांबला. "छाटा. आजच."

"ते आणखी लहान होतील."

"राहतील तरी."

"मग तुमची ब्याद माझ्या घरी का घातलीत?"

सुमनताईंनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "कात्री चुकली असती तर?" एवढं बोलून त्या पुन्हा खडे वेचायला लागल्या. अरुंधतीला त्या बाईचा संताप आला. त्याहून जास्त भीती वाटली.

घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. मुकुंद आतल्या खोलीत पडून होता. ऊन नको म्हणून खिडकी लावून घेतलेली. त्याला काही न सांगता ती कुंडी घेऊन मागच्या अंगणात बसली. झाड उपसलं. मुळांचा नुसता गुंता.

तिनं एक मुळी कापली. पांढरा चीक आला.

आतून लांब सुस्कारा ऐकू आला.

"अगं, जरा बरं वाटतंय."

रडू येत होतं, पण तिनं आणखी एक कापली. मग आणखी एक.

पुढे तिला धीर होईना. तिनं कात्री खाली ठेवली.

बंद खिडकीआडून मुकुंदचा आवाज आला. बारीक, समजूतदार.

"डावीकडची राहिली बघ. तीच ओढतेय."

तिनं मातीचा गोळा उलटा केला. डाव्या बाजूला, खाली, एक जाड मुळी खरंच राहिली होती.