न कापणारी सुरी

गुरुवारी सकाळी अकराला पोर्थवीनच्या बंदर-कचेरीत फोन वाजला. बंदराची कारभारीण वेन्ना हॉस्किंग मटण-बटाट्याच्या पेस्टीचा पहिला घास घेणार होती. तो घास तसाच राहिला.

"लव्हडेची सुरी गेली," पलीकडून टॅमझिन म्हणाली. "काळ्या मुठीची. मंगळवारपासून शोधतेय. ती मला द्यायची आहे तिला."

टॅमझिन बेकरीत पाव भाजायची आणि सात वर्षं लव्हडे पेंगेलीच्या हाताखाली चेटूक शिकत होती. तिनं आधी शहरातल्या पोलिसाला फोन केला होता. सुरीला धार किती, असं त्यानं विचारलं. धार नाहीच म्हटल्यावर, मग गुन्हा कसला, म्हणत त्यानं फोन ठेवला.

कॉर्नवॉलच्या त्या किनाऱ्यावर गावात चेटकीण असणं ही दातांचा डॉक्टर असण्याइतकी साधी गोष्ट. पोर्थवीनमध्ये तर दातांचा डॉक्टर नव्हता, तेही लव्हडेच बघायची.

आता ती टेकडीवरच्या घरात खिडकीशी पडून होती. नऊ दिवस पोटात अन्न नव्हतं, नुसते ओठ ओले करायचे. नर्स रोज सकाळी शेवटचं बघायला म्हणून यायची आणि चकित होऊन परत जायची. गावाला चकित व्हायचं कारण नव्हतं. चेटकिणीची सुरी पुढच्या हातात गेल्याशिवाय तिचा जीव सुटत नाही, हे तिथं लहान पोरंही सांगतात.

वेन्ना टेकडी चढून आली आणि खाटेशी वाकली. लव्हडेचा आवाज वाळक्या पानासारखा झाला होता.

"फार दुखतंय गं. सुरी शोध. आणि ज्याच्याकडे सापडेल त्याला रागावू नकोस."

स्वयंपाकघरातला खण उघडाच होता. लाल फडकं रिकामं. शेजारी पांढऱ्या मुठीची सुरी, चांदीचा पेला, सगळं जागच्या जागी.

"शेवटची कधी पाहिलीस?" वेन्नानं विचारलं.

"रविवारी."

"चोरानं पांढरी का सोडली? धार तर तिलाच आहे."

टॅमझिननं डोळे पुसले. पांढरी कामाची, तिनं सांगितलं; पाला, दोरा, मेणबत्ती, काय हवं ते तिनं कापावं. काळीनं काहीच कापायचं नाही. तिनं फक्त हवेत वर्तुळ आखायचं आणि जे नको ते बाहेर ठेवायचं. तिला रक्त लागलं की ती मेली. मालकिणीच्या परवानगीशिवाय तिला कुणी हात लावत नाही.

"दरवर्षी मेच्या पहिल्या दिवशी लव्हडे तिला लोहचुंबकावर घासते. ओढून घेण्याची ताकद यावी म्हणून. आणि मग वर्षभर त्याच सुरीनं शिवणातल्या हरवलेल्या सुया शोधते." ती रडता रडता हसली. "ते काही नियमात बसत नाही. पण तिला बोलणार कोण?"

लव्हडेचा नवरा डिगरी चुलीपाशी बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा नाखवा. सेहेचाळीस वर्षं त्यानं बायकोच्या विद्येची टिंगल केली होती. पौर्णिमेला ती चार बायकांना घेऊन टेकडीच्या माथ्याकडे निघाली की तो दारातून ओरडायचा, येताना झाडूवरून या, पायऱ्या निसरड्या आहेत.

"डिगरी, घरात कोण कोण आलं होतं?"

"नर्स. ही पोरगी. आणि तो काचेच्या कपाटवाला."

"तुम्ही सुरीला हात लावलात?"

"मला काय करायचीय ती? लोणीसुद्धा कापत नाही."

"मंगळवारी तुम्ही बोट गाढवाच्या खडकाला घासलीत. कधी नव्हे ते."

"डोकं ठिकाणावर नाही, पोरी." त्यानं खिडकीकडे पाहिलं. "माझ्या जागी तू असतीस तर तुझं असतं?"

काचेच्या कपाटवाला म्हणजे क्रिस्पिन. दोन वर्षांपूर्वी वरच्या मुलखातून येऊन त्यानं धक्क्यावर काचेची कपाटं मांडून चेटकाच्या वस्तूंचं दुकान थाटलं होतं. लव्हडेची सुरी त्यानं तीनदा मागितली होती. वेन्नाला पाहताच तो म्हणाला, "मला वाटलंच होतं, पहिली तू इथंच येणार."

"मग सांग. घेतलीस?"

"चोरून आणलेल्या सुरीला कोण विचारतं, बाई? तिनं आपल्या हातानं दिली, एवढं गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे. आणि मी चोरायला गेलो असतो, तर चांदीचा पेला सोडला असता का?"

माणूस आगाऊ होता, पण बोलला ते खरं होतं.

वेन्ना कचेरीत परतली. पेस्टी गार झाली होती. तिनं मंगळवारची नोंद काढली, तिच्याच अक्षरातली. डिगरी दहाला गेला, हवा स्वच्छ. परत दोनला, दाट धुक्यात. बोट खडकाला घासली, नाखव्याची चूक. मासळी नाही. जाताना जाळी नाही, सापळे नाहीत.

तिनं ती शेवटची ओळ दोनदा वाचली. मग कोट चढवला आणि डिगरीला निरोप धाडला, बोटीवर या.

तो आला तेव्हा ती सुकाणूपाशी उभी होती.

"बघा," ती म्हणाली. "या धक्क्यावरून चर्च बरोब्बर उत्तरेला आहे. तुमचं होकायंत्र मात्र बर्फाच्या गोदामाला उत्तर म्हणतंय."

डिगरी गोदामाकडे बघत राहिला.

"मरणाऱ्या बायकोला सोडून तुम्ही जाळ्याशिवाय समुद्रात गेलात, म्हणजे मासे धरायला नाही, काहीतरी टाकायला. जाताना हवा स्वच्छ होती, तुम्ही डोळ्यांनी गेलात. येताना धुकं आलं आणि होकायंत्रावर भिस्त ठेवावी लागली. पन्नास वर्षं न चुकलेला माणूस चुकला. डोकं ठिकाणावर होतं, डिगरी. सुई नव्हती. वर्षानुवर्षं लोहचुंबकावर घासलेलं पोलाद तिच्याजवळ होतं. टाकायला नेलंत आणि टाकवलं नाही."

तिनं स्वतः काही उघडलं नाही. त्यानंच वाकून होकायंत्राखालचा खण ओढला आणि लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली सुरी बाहेर काढली. तो दोन पावलं मागे सरला. सुई थरथरली आणि हळूहळू चर्चकडे वळली.

"माझा यातल्या कशावर विश्वास नाही," डिगरी म्हणाला.

"माहीत आहे."

"पण समज, या एकाच गोष्टीत ती खरी असली तर? सुरी दिली नाही तर ती जाणार नाही, एवढंच." त्यानं मोजा मुठीवर घट्ट गुंडाळला. "मग तिथं पाण्यावर वाटलं, बुडवली आणि तीही तिच्याबरोबर गेली तर? हात सुटेना माझा."

वेन्नानं होकायंत्राखालचा खण बंद केला.

"तिला फार दुखतंय, डिगरी."

"मी रात्रंदिवस ऐकतोय ते."

"मी वर घरी कुणाला काही सांगणार नाही. सुरी तुमच्या हातात आहे."

तो टेकडी चढायला लागला. दर दहा पायऱ्यांवर थांबत होता. वेन्ना मागून, अंतर राखून.

लव्हडेनं डोळे उघडले. "आणलीस?"

"आणली."

"पाण्यात नाही ना घातलीस? गंजेल."

तिला सगळं माहीत होतं. तिच्या बोटांत मूठ ठरेना, म्हणून डिगरीनं आपला तळवा तिच्या हाताखाली धरला. जन्मभर ज्या सुरीला हसला, ती त्यानंच बायकोच्या हातासकट उचलून टॅमझिनच्या ओंजळीत ठेवली.

"आता तरी विश्वास बसला का रे?" लव्हडेनं विचारलं.

"छे. मुळीच नाही," डिगरी म्हणाला. "म्हणजे तू कुठंही जाणार नाहीयेस."

ती हसली. चार वाजता ओहोटी लागली, आणि तिच्याबरोबर ती गेली.

दफनानंतर वेन्नानं त्याला कचेरीत चहा दिला. नोंदवही उघडून मंगळवारच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं मी 'नाखव्याची चूक' असं लिहिलंय. खोडते. होकायंत्राचा दोष होता."

डिगरीनं चष्मा लावून ते दोन शब्द वाचले आणि वही मिटली.

"राहू दे, पोरी," तो म्हणाला. "बरोबर लिहिलंयस. माझ्यापायी तिला दोन दिवस जास्त सोसावं लागलं."