शेजारची नळी

मार्च महिन्याच्या नऊ तारखेस, सकाळी साडेनऊ वाजता, छातीच्या रोगांच्या दवाखान्यातील तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञाने उबवणपेटी उघडली. थुंकीतले क्षयाचे जंतू नळीतल्या हिरवट थरावर उगवायला आठ आठवडे घेतात. ते आठवडे आज भरले होते. पहिली नळी त्याच्या थोरल्या बहिणीची. ती कोरी होती. शेजारी निव्वळ निर्जंतुक पाण्याची नळी. कामात गफलत झाली तर कळावी, म्हणून ती ठेवायची रीत. तिच्यात खरखरीत, पिवळसर पुंजके उगवले होते.

"अदलाबदल केलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"वीस वर्षांत माझी एक चुकलेली नळी दाखवा बाई, मिशी उतरवतो."

"मिशी राहू द्या. पुन्हा लावा."

बाहेरच्या बाकावर ताई खोकत होती. मागे गोळ्यांनी तिचे यकृत पार बिघडले होते. त्यामुळे पुराव्यावाचून औषध सुरू करायला बाई तयार नव्हत्या. आणि ताईचे मनगटी घड्याळ आता कोपरापर्यंत चढत होते.

दुसऱ्या खेपेस त्याने चिठ्ठ्या स्वतः चिकटवल्या, पेटीला कुलूप घातले, किल्ली कमरेला अडकवली. मे महिन्यात पाहतो तो ताईची नळी कोरी, पाण्याची पुंजक्यांनी भरलेली. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या जंतूंच्या तांबड्या काड्या. शंकेला जागाच नव्हती. एक गोष्ट मात्र त्याने नोंदवहीत लिहिली नाही. पुंजके फक्त ताईच्या नळीकडच्या अंगाला होते.

"तुमचं पाणीच खराब," बाई म्हणाल्या. "शेजारी एखाद्या धडधाकट माणसाची थुंकी ठेवा."

"माझीच ठेवतो. मला शिंकसुद्धा विचारून येते."

ताईला हे कळले तेव्हा ती हसली नाही.

"नको रे बाळ्या. माझ्या शेजारी नको ठेवूस."

"का गं?"

तिने तोंडाला रुमाल लावला.

जूनच्या अखेरीस पेटी उघडली.

ताईची नळी कोरी. त्याची काठोकाठ भरलेली.

त्याला खोकला नव्हता. ताप नव्हता. क्ष-किरण फोटोत छाती आरशासारखी लख्ख होती.

"बाई, हे जंतू माझे नाहीत, तिचे आहेत. तिला औषध द्या."

"कशाच्या आधारावर?"

त्याने दोन्ही नळ्या बाईंपुढे ठेवल्या. बाहेर खोकला अखंड चालू होता.

बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या दोनदा वाचल्या आणि पेन उचलले.

"तुमच्या बहिणीला क्षय नाही. तुम्हाला आहे."