हवा संपत नाही

आधीच सांगते, मी भुताखेतांच्या मागे लागणारी बाई नाही. शाळेत गणित शिकवते. वर्गात कुणी "मॅडम, वरच्या मजल्यावर आवाज येतो" म्हणालं की मी त्यालाच बघायला वर पाठवते.

तरीही ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल पुढे सरकावं. माझं काही अडत नाही.

आणि यात काळोखी रात्र नाही, पडका बंगला नाही. जे घडलं ते भर दुपारी, साध्या फ्लॅटमधल्या एका खोलीत, खिडकीतून लख्ख ऊन आत येत असताना.

गोष्ट माझ्या मावसभावाची आहे. दाढी आली, डोक्यावरचे केस गेले, तरी घरात त्याला सोन्याच म्हणतात. तो रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतो. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात ना, ती साफ करायची. वाचणाऱ्याने दोन वाक्यांच्या मधे घेतलेला श्वास, ओठांचा आवाज, आवंढा गिळल्याचा आवाज… सगळं कापून टाकायचं.

"लोकांचे श्वास कापून पोट भरतो मी," असं तो सगळ्यांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

घरी आला की कॉम्प्युटरवर एकच खेळ. समुद्राचा. तुम्ही पाण्यात एकटे. धातू गोळा करायचा, तळाशी घर बांधायचं, मोठमोठ्या जनावरांपासून जीव वाचवायचा. आणि मुख्य म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा संपायच्या आत वर यायचं.

या खेळाला मॉड असतात. मॉड म्हणजे कंपनीने नाही, खेळणाऱ्यांनीच बनवून खेळात घातलेली भर. कुणी नकाशा बनवतं, कुणी सामान ठेवायला मोठं कपाट. नवीन माणसाने यातले कुठले घ्यावेत, हे सांगणाऱ्या लोकांत सोन्याचं नाव मोठं होतं. नेटवर लोक त्याला विचारायचे, तो पोटतिडकीने उत्तरं द्यायचा. एवढ्या आस्थेने त्याने कधी दळण आणलं नाही, असं मावशी म्हणायची.

काका, म्हणजे सोन्याचे बाबा, तेव्हा घरीच असायचे. फुप्फुसं निकामी होत चालली होती. खोलीच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. बाहेर जाणं बंद. मग ते सोन्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि पडद्यावरचा समुद्र बघायचे.

"वर ये, वर ये, हवा संपली तुझी," असं ते सोन्याला ओरडून सांगायचे. हवा कधी संपत आली ते त्यांना बरोब्बर कळायचं.

एकदा सोन्या वैतागून म्हणाला, "या खेळातला श्वास खोटा आहे हो बाबा. कुणीतरी नाटकीपणे हाशहुश करून ठेवलंय."

काका म्हणाले, "मग माझा घे की. नाहीतरी वाया चाललाय."

"काहीतरी अभद्र बोलू नका," मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली.

पण काका ऐकतायत होय… त्यांनी माईकसमोर बसून शांत श्वास दिला. मग खोलीत दोन फेऱ्या मारून भरभर चालणारा श्वास दिला. आणि मग, सोन्याने मागितलेला नसताना, नाकातली नळी काढून टाकली.

"हवा संपत आल्यावरचा पण लागेल ना तुला," म्हणाले.

मावशी धावत आली, नळी परत लावली. दिवसभर दोघांशी बोलली नाही.

सोन्याने त्याचा मॉड बनवला. टाकी भरलेली असली की शांत श्वास, कमी झाली की भरभर, संपत आली की तो तिसरा. लोकांना वेड लागलं. या खेळात कुठला मॉड घालू, असं कुणीही विचारलं की पहिलं उत्तर तेच यायला लागलं… श्वासाचा घाल.

काकांना फार गंमत वाटायची. "बघ, जगभर माझीच हवा चालली आहे," म्हणायचे.

त्यानंतर काही महिन्यांनी काका गेले. दुपारी. सोन्या स्टुडिओत होता. मावशी त्यांच्यासाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली, परत आली तर… संपलं होतं सगळं.

मशीन चालू होतं.

"दोन मिनिटं नव्हते रे मी," ती ज्याला त्याला सांगायची. "तेवढ्यात एकटे गेले." हेच तिच्या जिवाला लागून राहिलं होतं. आम्ही किती समजूत घातली, काही उपयोग झाला नाही.

मग सोन्याला एक निरोप आला. कोण कुठला खेळणारा.

"मॉड मस्त आहे. पण मधेमधे तो माणूस बोलतो, ते बंद कसं करायचं?"

सोन्याने उत्तर दिलं, बोलण्याचं काही घातलेलंच नाही, दुसऱ्या कुठल्या मॉडचं असेल.

आठवड्याभरात तसाच दुसरा निरोप. मग तिसरा. त्या तिसऱ्याने काय बोलतो तेही लिहिलं होतं.

"खूप खोल गेलं की विचारतो… कडी लावलीस का?"

सोन्याने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

काका रोज संध्याकाळी खुर्चीतून मावशीला हेच विचारायचे. रोज. माझ्यासमोर कितीदा विचारलंय. ते माईकवर कधीच घेतलेलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, सोन्या हेडफोन लावून खेळायला बसला. खोलीचं दार उघडं होतं. मावशी पलीकडे भांडी आवरत होती.

तो खाली खाली गेला. निळं पाणी काळं झालं. कानात काकांचा श्वास.

आत… बाहेर… आत… बाहेर…

श्वास ओळखणं हे त्याचं कामच. तीनही तुकडे त्याला तोंडपाठ होते. कुठे घरघर आहे, कुठे शिट्टी वाजते, सगळं.

हा त्यातला नव्हता.

हा चौथाच होता. मधे अडकत होता. कुणाची तरी चाहूल घ्यावी तसा थांबत होता.

मग अगदी कानाशी…

"कडी लावलीस का?"

आवाज फक्त त्याच्या कानात होता. हेडफोनबाहेर काही म्हणजे काही येत नव्हतं.

आणि स्वयंपाकघरातून मावशीने सवयीने उत्तर दिलं.

"लावली हो."

मग एक भांडं खाली पडल्याचा आवाज झाला. मावशी दारात येऊन उभी राहिली. तिचे हात ओले होते.

"सोन्या," ती म्हणाली, "तिथे बसू दे मला."

त्या दिवसापासून मावशी त्या खुर्चीत बसली. जिने कधी टीव्हीचं चॅनल स्वतः बदललं नाही ती बाई. खेळाचा कंट्रोलर हातात घेऊन "हे रिमोट कसं धरायचं?" इथपासून सुरुवात. पण शिकली. खेळात वरून खाली हवेचे पाईप टाकता येतात. धातू गोळा करून एक एक पाईप जोडत तिने तळापर्यंत हवा नेली. तीन वर्षं तिने त्या माणसाची नळी सांभाळली होती. हे तिला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

टाकी भरलेली असली की काका शांत असायचे. ती जरा उठली, टाकी खाली आली, की श्वास लागायचा.

म्हणून ती उठेना.

ताट शेजारी आणून ठेवलं तर तसंच राहायचं. आंघोळ नाही, झोप नाही. बसल्या बसल्या डुलकी लागली तर दचकून जागी व्हायची.

"आई, तो खेळ आहे गं," सोन्या म्हणाला.

"असू दे."

"तिथे बाबा नाहीत."

"मग कोण आहे ते सांग," मावशी म्हणाली.

ती बाथरूमला गेलेली असताना त्याने मॉड काढून टाकला. मूळ रेकॉर्डिंग पुसली. खेळ पुन्हा सुरू केला. आता तो जुना, नाटकी श्वास यायला हवा होता.

आत… बाहेर… आत…

काकाच.

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली आणि तो खरा घाबरला. मावशी त्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला लागली होती. काका थांबले की ती थांबायची. टाकी कमी झाली की तिलाही धाप लागायची.

एका दुपारी वीज गेली. पडदा काळा झाला. सोन्या शेजारच्या खोलीत होता. त्याने कण्हल्यासारखा आवाज ऐकला आणि धावला.

मावशी खुर्चीत वाकडी झाली होती. ओठ निळे. तोंड उघडं, पण आत हवाच जात नव्हती.

वीज आली. सोन्याने खेळ चालू केला. कानात श्वास सुरू झाला आणि मावशीच्या छातीत हवा भरली.

डॉक्टरांनी घरी येऊन सगळं तपासलं. "फुप्फुसं ठणठणीत आहेत," म्हणाले. "पण अंगातला ऑक्सिजन कमी होतोय. का, ते मला कळत नाही. असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत."

सोन्याने मला फोन केला तेव्हा तो रडत होता. "ताई, बाबा गेले. आता आई चालली गं. काय करू मी?"

माझं गणित तिथे संपलं होतं.

उपाय त्यालाच सुचला. अशा खेळांना एक मॉड असतोच… अमर्याद हवा. टाकी कधी रिकामी होतच नाही. सोन्यासारखे लोक त्याला नाक मुरडतात. मरायची भीतीच गेली तर खेळायचं कशाला, म्हणतात. त्याने जन्मात कुणाला तो सुचवला नव्हता.

त्याने तो घातला.

"आई, बघ," तो म्हणाला. "टाकीतल्या हवेचा हा आकडा आता खाली येणार नाही. तू असलीस, नसलीस, तरी बाबांची हवा संपणार नाही. कधीच."

मावशी बराच वेळ आकड्याकडे बघत बसली. तो हलला नाही. श्वास संथ झाला. मऊ झाला.

"नक्की ना रे?"

"नक्की."

ती उठली. भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या जेवली, मग आडवी झाली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत झोपली. ओठांवर रंग आला. सोन्या तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला, पण सुखाने.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

दुसऱ्या दिवशी मावशी शेजारणीकडे गेली. सोन्याला वाटलं, आता झालं, आता हे बंद करावं. आधी त्याने खेळ बंद केला. मग कॉम्प्युटर. मग भिंतीतलं बटण.

टेबलावरच्या हेडफोनमधून…

आत… बाहेर… आत… बाहेर…

त्याने वायर उपटली. तरी येतच होता. सोन्याने हेडफोन कानाला लावला.

श्वास संथ नव्हता. लांबून तसा वाटत होता. जवळून ऐकलं तर प्रत्येक श्वास ओढून, ओढून घेतलेला… आणि सोडला की लगेच पुढचा घ्यावाच लागत होता. त्यांना थांबता येत नव्हतं.

आणि त्या दोन श्वासांच्या मधल्या एवढ्याशा फटीत काकांचा आवाज.

"सोन्या… पुरे."

त्याने तो मॉड काढला. सगळा खेळ पुसला. कॉम्प्युटर भंगारात दिला, नवा आणला, तोही फेकला. हेडफोन पाण्यात बुडवून ठेवला. काही फरक पडला नाही. जगभर ज्यांच्याकडे श्वासाचा मॉड होता त्यांचे निरोप यायला लागले. तुमचा माणूस हल्ली एकच शब्द म्हणतो, त्याचा अर्थ काय?

सोन्याने एकालाही उत्तर दिलं नाही.

मावशी छान आहे. फिरायला जाते, चार बायकांत बसते, हसते. रोज संध्याकाळी दारातून विचारते, "कसे आहेत रे?"

"शांत आहेत," सोन्या सांगतो.

"हवा?"

"भरपूर आहे."

मागच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. खरं सांगायचं तर मला खात्री करून घ्यायची होती. सोन्या नको म्हणत होता, मीच हट्टाने हेडफोन कानाला लावला. वायर तुटलेली होती. माझ्या मांडीवर लोंबत होती.

आत… बाहेर…

काकांनी मला ओळखलं. लहानपणी ते मला ज्या नावाने चिडवायचे त्या नावाने हाक मारली. मग म्हणाले, "हा ऐकत नाही. तू तरी बंद कर गं."

आणि पुढचा श्वास त्यांना घ्यावा लागला.

मी हेडफोन खाली ठेवला. मावशी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. चेहरा कसा उजळलेला होता तिचा.

"बोलले ना तुझ्याशी? काय म्हणाले?"

सोन्या खिडकीबाहेर बघत होता.

"विचारत होते," मी म्हणाले, "मावशी जेवली का?"

"सांग त्यांना, पोटभर जेवले म्हणावं," मावशी म्हणाली आणि माझ्या हातात कप दिला.