बोअर न मारलेला थर

तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत प्रल्हाद खोब्रागडे यांनी जन्मभर एकच काम केलं. जमिनीत मोजक्या ठिकाणी मारलेल्या बोअरमधून निघालेल्या दगडावरून मधल्या, कोणीच न पाहिलेल्या खनिजाची प्रत सांगायची. ते गेले, आणि महिन्याभराने त्यांची लेक रेवती नागपूरच्या प्रयोगशाळेत, त्यांच्याच गणितावर बांधलेल्या, गेलेल्या माणसाच्या आवाजात उत्तरं देणाऱ्या स्मृती-अनुमानक यंत्रासमोर बसली. शेजारी तिची मैत्रीण, मेंदूतज्ज्ञ मंजिरी देशकर.

“तुझ्या बाबांच्या आठवणी मी नोंदल्या त्या मोजक्याच,” मंजिरी म्हणाली. “बाकीचं हे यंत्र कशावरून बोलणार?”

“आठवणीही थरांत असतात,” रेवती म्हणाली. “ एका थरात दूरवरचा अंदाज चालतो. खाणीतली एक सकाळ नोंदली, की त्या काळातल्या बाकीच्या सकाळी जवळपास बरोबर येतात. थर ओलांडला, की त्या बोअरचा उपयोग संपला.”

“आणि ज्या थरात बोअरच नाही?”

“तिथे सरासरी. बाबा आसपासच्या सगळ्या खाणींची घ्यायचे. आपण इथे नोंदलेल्या सगळ्या वडिलांच्या आठवणींची घेतो.”

चांगलं खनिज लागतं तिथेच पुन्हा पुन्हा बोअर मारायचे, ही खाणवाल्यांची जुनी खोड. बाबा त्यावरून भल्याभल्यांना झापायचे. आणि त्यांच्या लेकीने नेमकं तेच केलं. खाणीचा विषय निघाला की बाबा खुलायचे, म्हणून आठवणी नोंदताना ती शेवटपर्यंत खाणीबद्दलच विचारत राहिली. तिने बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं, नोंदणी कार्यालयात, चार सह्यांचं. बाबा आले नाहीत. का, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही. बाबांचा राग कायमचा नोंदला गेला असता, आणि ते तिला सोसलं नसतं.

आता मात्र तिला राहवेना.

“बाबा, माझ्या लग्नाला का नाही आले तुम्ही?”

यंत्रातून आधी खाकरणं, मग बाबांचा तोच आवाज. “नाही आलो कसा, बेटा? मांडवाच्या दाराशीच तर होतो मी. तू निघाली तेव्हा डोळ्यातलं पाणी काही आवरलं नाही.”

मंजिरीने यंत्र बंद करायला हात पुढे केला. रेवतीला समजलं होतं. मांडवाच्या दाराशी रडले ते सरासरीतले, दुसऱ्या मुलींचे बाप. तिचे बाबा का आले नाहीत, हे आता कोणालाच कधी कळणार नव्हतं. तिला हुंदका आला.

“राहू दे, मंजू,” ती म्हणाली. डोळे पुसून ती यंत्राकडे सरकली.

“मांडव केवढा होता, बाबा?”

बाबा सांगू लागले, आणि ती ऐकत राहिली.