घोडबंदरला जाऊन येईपर्यंत

"ए बाय, या मचव्याचा तांडेल कुठं गेला?"

चेंदणीच्या बंदरावर दोर सोडत उभ्या असलेल्या मुलीने मान वर केली. "का रं? काय काम हाय तांडेलाशी?"

"ते मी त्यालाच सांगीन."

"मंग सांग की. समोरच उभी हाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या मागे पाहिलं, वाकून मचव्यात पाहिलं... आणि पुन्हा तिच्याकडे. मंजुळाने हसू ओठांत दाबलं. गडी दिसायला बरा होता. पण कमरेला कोळ्याचा सुरका आणि वर कुणा साहेबाचा जुना, पितळी बटणांचा कोट! पहाटेच्या गारव्यातही त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"बाईमानूस? सुकाणूवर?"

"भीती वाटत आसल तर चालत ये घोडबंदरला. संध्याकालपर्यंत पोचशील."

अठराशे ब्याऐंशी सालचा मार्गशीर्ष होता तो. मंजुळा वीस वर्षांची. तिच्या बापाच्या, दामाजी कोळ्याच्या, उजव्या हातात श्रावणात शिंगाळा माशाचा काटा घुसला होता. हात सुजला, पिकला, सूज उतरली. पण बोटं काही पुन्हा मिटली नाहीत. आई लहानपणीच गेलेली, भाऊ नाही. तेव्हापासून दामाजी मचव्यात नुसता बसून असायचा आणि सुकाणू मंजुळाच्या हातात. कोळीवाड्यात लोक कुजबुजत. मंजुळा ऐकून न ऐकल्यासारखं करी.

त्या दिवशी मचवा भाड्याने केला होता ठाण्याच्या शाळेतल्या हरिहरमास्तरांनी. त्यांच्या पत्नीला, सुमतीबाईंना, खाडीने घोडबंदरपर्यंत जायचं होतं. डोंगर बघायचे, कोळ्यांची गावं बघायची, किल्ला बघायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी. वाटेतली माहिती सांगायला मास्तरांनी एक माहितगारही ठरवला होता. नागला बंदरचा चंदू. खाडीची मोजणी करणाऱ्या साहेबाच्या लाँचवर तो दोन वर्षं होता म्हणे. कोट तिथलाच. परतताना त्याला त्याच्या गावी, नागल्याला सोडायचं ठरलं होतं.

आणखी एक गोष्ट ठरली होती, ती मास्तरांना माहीत नव्हती. घोडबंदरच्या गोविंदाने मंजुळाला मागणी घातली होती. गोविंदाचे स्वतःचे दोन मचवे, बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली, माणूस शांत. तिथे उतरल्यावर दामाजी त्याच्याकडे सुपारी फोडणार होता. "तुना बरं वाटल ते कर, बा," एवढंच मंजुळा म्हणाली होती. आणि रात्रभर कूस बदलत राहिली होती.

आगगाडीच्या पुलाखालून मचवा निघाला. कोलशेतपर्यंत दोघा गड्यांनी वल्ही मारली आणि मग ओहोटीने मचवा आपल्या हातात घेतला. धुकं पाण्यावरून उठत होतं. दोन्ही अंगांनी डोंगर जवळ जवळ येत चालले, इतके, की त्यांच्या सावल्या मधोमध पाण्यात एकमेकींना भिडल्या.

"अगं बाई..." सुमतीबाई म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्याच नाहीत.

चंदू मात्र बोलतच होता. मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर एक पाय टाकून, हात पसरून.

"ह्यो बघा गायमुख, मास्तर! आनि त्या पलीकडच्या खडकावर मी मगर मारलेली. वल्ह्यानं! दहा हात लांब."

"ओंडका आसल," मागून आवाज आला.

"ओंडक्याला दात असतात काय गो?"

"बघनाऱ्याच्या डोल्यावर हाय ते."

सुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. चंदूने मान वळवून मंजुळाकडे पाहिलं. रागाने नाही, जरा जास्तच वेळ. मंजुळाने नजर पाण्यावर नेली. कान का गरम झाले, ते तिला कळेना.

"आणि घोडबंदर नाव कशावरून रे?" मास्तरांनी विचारलं.

"अरबांचा घोडा, मास्तर. त्यानं ह्या काठावरनं उडी मारली ती थेट पलीकडं."

"आनि त्याची हाडं कुनी गोला केली?" मंजुळाने विचारलं.

आता दामाजीही हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

चंदू जराही हिरमुसला नाही. उलट त्याची भीड चेपली. तो कराचीला कसा गेला, तिथे समुद्र कसा घराएवढा उठतो, सगळे खलाशी आडवे झाले तेव्हा हा एकटाच कसा उभा होता, ते त्याने असं रंगवून सांगितलं की मंजुळासुद्धा ऐकत राहिली. कधी न पाहिलेला तो समुद्र तिच्या डोळ्यांपुढे आला. बोलतो मात्र गोड, तिला वाटलं. मेला.

नागल्याला पाणी भरायला थांबले. चंदूची आई जनाबाई काठावर बोंबील वाळत घालत होती. तिने सगळ्यांना ओट्यावर बसवलं, मास्तरांना शहाळी दिली. सुमतीबाई कौतुकाने म्हणाल्या, "मुलगा तुमचा मोठा धाडसी हो! कराचीपर्यंत जाऊन आला."

"कराची?" जनाबाईने डोळे विस्फारले. "कोन, ह्यो? मुंबईच्या दिवादांडीपुढं बोट गेली नाय तोच ह्याना ओकारी लागली. साहेबानं तितूनच परत धाडला. आठ दिस नुसती पेज पाजली मी."

सगळ्यांच्या नजरा चंदूकडे वळल्या. मग मंजुळा हसली. मोकळं, खळखळून, पोट धरून. चंदूचा चेहरा तांबडालाल. पितळी बटणांशी चाळा करत तो खाली बघत राहिला. आणि मग तोही हसला.

"मगर?" तिने डोळे पुसत विचारलं.

"ओंडका," तो हळूच म्हणाला. "पन मोठा व्हता गो."

मचवा पुन्हा निघाला तेव्हा चंदू नाळेवर उभा राहिला नाही. कोट काढून गप्प बसला. आता हा गप्प का, म्हणून मंजुळालाच चुकल्यासारखं झालं. सुमतीबाई हलकेच तिच्याजवळ सरकल्या. घोडबंदरला कुणाकडे जायचंय, म्हणून त्यांनी सहज विचारलं, आणि दामाजीने सुपारीचं सांगून टाकलं. चंदूने ऐकलं. त्याने तळहाताने पाणी कापलं, परत कापलं...

ओहोटी सरत आली होती. पुढे खाडी रुंद झाली, आणि मंजुळाने मचवा उजव्या अंगाला घेतला.

"अगं, डावीकडे खोल पाणी आहे ना?" मास्तर म्हणाले. चंदूने सकाळी दाखवलेला साहेबाचा नकाशा त्यांच्या मांडीवर होता. "इथे आकडा दिलाय बघ. चार वाव. चार पुरुष पाणी."

"औंदाच्या पावसात वाळू सरकली, मास्तर. तिकडं रुतू."

"सरकारी नकाशा चुकेल कसा?"

"मंजुळे," दामाजीही चाचरला, "मोजलेलं हाय ते..."

मंजुळाचा हात सुकाणूवर घट्ट झाला. बापाने कधी तिच्या नजरेवर शंका घेतली नव्हती. आज परक्यांसमोर घेतली. तेवढ्यात चंदू उठला. त्याने डावीकडच्या पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मास्तर, ही मोजनी करताना दोरी माझ्याच हातात व्हती. पन त्याला चार वर्सं झाली." त्याने नकाशा उचलून घडी घातली. "हिची नजर आजची हाय. चालव गो. तुला वाटल तशी चालव."

मचवा उजव्या काठाने अलगद निघाला. थोड्या वेळाने मास्तरांनी मागे वळून पाहिलं. चार वाव खोल पाण्याच्या मधोमध सात-आठ बगळे उभे होते. त्यांचे गुडघेसुद्धा भिजले नव्हते.

चंदू "बघा, सांगितलं नव्हतं?" असं म्हणाला नाही. मंजुळाला तेच आवडलं. इतकं आवडलं, की तिला भीती वाटली.

घोडबंदरला मास्तर नवरा-बायको किल्ल्याकडे गेले, चंदू त्यांच्यासोबत. दामाजी आणि मंजुळा गोविंदाच्या अंगणात. गोविंदा खरोखरच भला माणूस होता. त्याने दामाजीचा हात हातात घेऊन पाहिला. मंजुळाला पाट दिला.

"चेंदणीपासून हिनंच आणला मचवा?" त्याने विचारलं, आणि हळहळून म्हणाला, "आता नको गो उन्हात बसायला. माझ्या घरी बायकांना सुकाणू धरायची पाळी येनार नाय. तू निवांत घरात राहा."

मायेनेच बोलला तो. पण मंजुळाला वाटलं, कुणीतरी हलक्या हाताने दार लावून घेतंय. दामाजीने कनवटीची सुपारी काढली.

"बा," ती म्हणाली. "सुपारी फोडू नको."

अंगणात एक कोंबडी तेवढी चालत होती. दामाजी लेकीकडे बघत राहिला. गोविंदाने दोघांकडे पाहिलं, आणि दामाजीच्या सुपारीच्या मुठीवर आपला हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या, मामा. पोरीचं मन नाय तर नाय. उन्हाचे आलात, ताक तरी घ्या."

भरती लागली तसे ते परत निघाले. दामाजी तोंड फिरवून बसला होता. एक गडी दमला म्हणून त्याचं वल्हं चंदूने घेतलं. वल्हं मारणाऱ्याची पाठ पुढे आणि तोंड सुकाणूकडे. आता तो थेट तिच्यासमोर होता.

"काय बघतोस?"

"वल्हं मारनाऱ्यानं बघायचं कुठं? तोंडच हिकडं हाय."

"डोले मिटता येतात."

"मिटले. तरी दिसतंस."

मंजुळाने डोंगराकडे बघितलं. उन्हं तिरपी झाली होती; तिच्या हातांवर, सुकाणूवर पिवळी पडली होती.

"गोविंदाला नाय म्हनालीस?" त्याने हळूच विचारलं.

"तुना कुनी सांगितलं?"

"माहितगार हाय मी. माहिती ठेवायला लागते."

ती हसली नाही. तोही हसायचा थांबला.

"मंजुळा... माझ्याकडं मचवा नाय. कराची खोटी, मगर खोटी. घोडा तर खोटाच. एकच गोष्ट खरी हाय, पन आता माझ्यावर विश्वास कोन ठेवील?"

"सांगून तर बघ."

"मना असंच वल्हं मारायचं हाय. तुझ्यासमोर बसून. आजच्यापुरतं नाय... आनि सुकाणू मागायचं नाय कधी."

मंजुळाने सुकाणू उगाचच सावरलं. सुमतीबाई एकाएकी मास्तरांना पलीकडच्या काठावरचं एक झाड दाखवू लागल्या. कसलं झाड, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

नागला बंदर दिसू लागलं. जनाबाई काठावर येऊन उभी होती. चंदूने वल्हं आत घेतलं, कोट खांद्यावर टाकला, आणि मंजुळाकडे एकदा पाहिलं. उत्तर मिळालं नव्हतं. तो उतरायला सरकून कडेला बसला.

मचवा वळायला हवा होता. वळला नाही. बंदराचे धोंडे समोर आले... बाजूला आले... मागे जाऊ लागले. काठावर जनाबाईने कपाळावर हात धरून पाहिलं. चंदू अर्धवट उठला, तसाच राहिला.

"मंजुळे," दामाजी घोडबंदर सोडल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "नागला मागं पडला गो."

"ठाव हाय, बा."

ती समोर बघत होती. सरळ, पाण्यावर. मान ताठ, डोळे मात्र भरलेले. दामाजीने लेकीकडे पाहिलं. मग चंदूकडे, त्याच्या नको तेवढ्या बटणांच्या कोटाकडे. आपल्या न मिटणाऱ्या बोटांकडे.

"आनि ह्याची आय तिकडं उभी हाय, तिना कोन सांगल?"

"उद्याच्या ओहोटीला आपन दोघं येऊ," मंजुळा म्हणाली. "तूच सांग."

दामाजीने मोठा श्वास सोडला. "मंग ह्यो वल्हं आत घेऊन बसलाय कशाला? ठाणं काय आपोआप येनार हाय?"

चंदूने वल्हं पाण्यात घातलं. इतक्या घाईने, की पहिल्याच फटक्याला अर्धी खाडी मास्तरांच्या धोतरावर उडाली.