कोणी न डिवचता

त्याची पहिली ओळख म्हणजे माझ्या टेबलाला लागलेलं त्याचं कोपर. केसाहून बारीक काचनळी मी श्वास रोखून मेंदूतल्या एका जिवंत पेशीला नुकती टेकवली होती. टेबल हललं आणि पेशी गेली.

“डोळे आहेत ना?” मी म्हणाले.

“आहेत... तुमच्याकडेच होते, म्हणून तर धडकलो.”

आगाऊ कुठला. पण बोलून झाल्यावर कान त्याचेच लाल झाले.

प्रयोगशाळेत त्याला सगळे गणितवाला म्हणायचे. माझ्या नोंदींवरून संगणकात पेशी उभी करायला तो काही महिन्यांसाठी आला होता. रोज शेजारच्या स्टुलावर हात मांडीवर घेऊन गुपचूप बसायचा. बाहेर पाऊस रेंगाळायचा, खिडकीची काच धुरकटायची, आणि त्या खोलीबाहेर जग आहे हेच मी विसरून जायचे.

पेशीला मी विजेचा तोच, तेवढाच धक्का द्यायचे. कधी ती लगेच उलट विजेचा ठोका द्यायची, कधी उशिरा, कधी ढिम्म. मी सगळ्यांची सरासरी काढून मोकळी व्हायचे.

“सरासरी नका ना काढू,” तो एकदा कळवळून म्हणाला. “पेशीच्या आवरणात आयनांसाठी इवलाली दारं असतात. ती आपल्या लहरीनं उघडतात, मिटतात. दारं थोडी असली की त्यांची लहर जाणवते. कधी कधी कोणी न डिवचताही पेशी ठोका देते.”

“म्हणजे बिघाड नाही?”

“स्वभाव आहे.” मग हळूच — “माणसांचीही सरासरी काढता का तुम्ही?”

“माणूस बघून.”

तो हसला. त्या दिवशी मला एकही नळी नीट धरता आली नाही. पक्की फसले होते मी.

मग त्याला दुसऱ्या शहरातून नोकरी चालून आली. “जाऊ का?” त्यानं विचारलं. जिन्यात विचारलं, चहा घेताना विचारलं, एका छत्रीखालून चालताना अगदी हळू विचारलं... ‘नका जाऊ’ ओठांवर यायचं आणि तोंडातून निघायचं, “तुमचं तुम्ही ठरवा.” स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटायची.

एका संध्याकाळी तो प्रयोगशाळेत खोक्यात पुस्तकं भरताना दिसला. आज त्यानं काहीच विचारलं नाही. मान खाली घालून चिकटपट्टी शोधत होता. मी दारातूनच मागे फिरणार होते —

“नका जाऊ,” मी म्हणाले. “मला करमणार नाही. म्हणजे... तुम्ही आवडता मला. झालं.”

त्यानं खोकं बाजूला सारलं. “मी सकाळीच कळवलं त्यांना, येत नाही म्हणून. तुमच्या उत्तराची वाट बघून थकलो, म्हटलं इथली मुदत वाढवून घेऊ, इथंच राहून बघू. हे सामान वरच्या मजल्यावर चाललंय. तिथं कामाला खोली दिलीय मला.”

धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं मला. “मग मी उगाचच बोलले.”

“उगाचच बोललीस,” पहिल्यांदाच ‘तू’ म्हणत तो म्हणाला, “म्हणून तर खरं वाटतंय.”

खोकं आम्ही दोघांनी मिळून उचललं. जायचं होतं एकच मजला वर, पण वाटेत आम्ही फार वेळा थांबलो.